ढेपू आणि सहा ठिकाणं

ढेपू पाच वर्षांचा होता आणि पाच वर्षांत त्याने घराच्या आत एकदाही पाय वर केला नव्हता. तिरोड्याला रुचीच्या माहेरच्या घराला अंगण होतं, अंगणात कडुनिंब होता, आणि कडुनिंबापर्यंत कुणी सोडेपर्यंत तो दाराशी उभा राहून कुईकुई करत असे. गुळाच्या ढेपेच्या रंगाचा साधा गावठी कुत्रा, पण सार्वजनिक स्वच्छतेची जाण गावातल्या बऱ्याच पुरुषांपेक्षा त्याला जास्त होती. मग रुचीचं लग्न झालं, तिचे आईवडील नागपूरला तिच्या भावाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, आणि ढेपू रुचीबरोबर फुलचूरला तिच्या सासरी आला. आल्या दिवसापासून तो घरात मुतू लागला.

सासरी याचा अर्थ लगेच लागला. कुत्र्याला वळण नाही, कारण कुत्रा सुनेचा आहे.

"पंधरा दिवस देतो," सासरे दुर्गाप्रसाद रहांगडाले शुक्रवारी संध्याकाळी म्हणाले. त्यांचं गोंदियात पंपांचं आणि पाइपांचं दुकान होतं, आणि घरातही ते गिऱ्हाईकाला मुदत दिल्यासारखंच बोलत. "पंधरा दिवसांत शिकला तर ठीक. नाही तर शनिवारी आपली गाडी माल घेऊन देवरीले जाते, त्यातच बसवून देतो. कोहमाऱ्याले ढाबेवाला आहे वळखीचा. तिथी खाईन, तिथी मुतन. कोणी काही म्हणणार नाही."

कोहमाऱ्याचा चौक रुचीने पाहिला होता. चारही बाजूंनी ट्रक येत आणि ढाब्यांवरची कुत्री दर मोसमात नवी असत. जुन्यांचं काय होतं, हे रस्त्यावर दिसायचं. ढेपूला तर सायकल आली तरी बाजूला व्हायचं कळत नसे. तो सायकलीकडे बघून शेपटी हलवायचा.

"शिकवते मी त्याला, मामाजी," ती म्हणाली.

"पाच वर्षांत नाही शिकवलं, आता काय पंधरा दिवसांत पदवी देतेस त्याले?"

रुचीचा नवरा ओमेश यावर हसला आणि मग बायकोकडे बघून हसायचा थांबला. हे तो नेहमी याच क्रमाने करत असे.

रुची प्राणिशास्त्रातली पदवीधर होती आणि एका राइस मिलच्या प्रयोगशाळेत काम करत होती. दिवसभर ती तांदळातला ओलावा मोजायची, शंभर ग्रॅममध्ये तुकडा किती निघाला ते लिहायची. "अंदाजे" हा शब्द तिच्या रजिस्टरमध्ये नव्हता. घरी मात्र तो शब्द जेवणात, बोलण्यात आणि निर्णयांत सगळीकडे होता, आणि ढेपूच्या बाबतीत तर घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी अंदाजांची जत्राच भरवली.

पहिला उपाय समोरच्या केशोरावांचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे गल्लीला सल्ला देण्याचं खातं आलं होतं. ते निळीचं पाणी भरलेल्या दोन बाटल्या घेऊन आले आणि उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून म्हणाले, "निळा रंग पाहिला का कुत्रा भेते. माझ्या गेटाशी चार वर्षांपासून हायेत. एक कुत्रा येत नाही."

रुचीने पलीकडे पाहिलं. केशोरावांच्या फाटकाजवळच्या बाटल्यांच्या बुडाशी पिवळे ओघळ वाळलेले होते.

"काका, त्या बाटल्यांवर डाग कसले?"

"ते ओल धरते जी सिमेंट."

ढेपूने बाटलीचा वास घेतला आणि तिच्या बुडाशी ओल धरली.

दुसरा उपाय ओमेशच्या मोबाइलमधून आला. "याच्यात सांगून राहिले का नाक घासाचं. जिथं केलं तिथं नाक घासलं का लक्षात राहते."

"कुणाचं?" रुचीने विचारलं.

ओमेशने व्हिडिओ पुढे ढकलला.

तिसरा उपाय दुर्गाप्रसादांनी स्वतः केला. ढेपूच्या ठरलेल्या जागांवर त्यांनी लाल मिरचीची पूड भुरभुरवली आणि पंखा सुरू असल्याचं विसरले. घरभर शिंका झाल्या. ढेपू शिंकला, मग त्याच जागी मुतला, आणि सासूबाई शामकला यांनी तोंडाला पदर लावून मुतासकट मिरची पुसली. त्या घरात पुसणं हे काम आपोआप होतं असा सर्वांचा समज होता.

या सगळ्यांना मनातल्या मनात नापास करत रुचीने स्वतःचं काम रीतसर सुरू केलं. ढेपूला तिने जनावरांच्या दवाखान्यात नेलं. लघवी तपासली, काही दोष नव्हता. पहाटे मिलला जाण्याआधी, दुपारी आल्याबरोबर, मग दर दोन तासांनी ती त्याला बाहेर घेऊन जायची. त्याने विजेच्या खांबाशी काम उरकलं की शाबासकी आणि गुळाचा खडा. ढेपू बाहेरही व्यवस्थित मुतायचा आणि घरातही. म्हणजे त्याला बाहेर करायचं कळत होतं, लघवी दाबून धरताही येत होतं, तरीही तो घरात थोडंथोडं करायचा. जणू हजेरी लावायचा.

तिने वही केली. तारीख, वेळ, जागा, किती. घराचा नकाशा काढला आणि जागांना आकडे दिले. उंबरठा एक, देवघराचं दार दोन, सोफ्याचा कोपरा तीन, जेवणाच्या टेबलाचा पाय चार, दुर्गाप्रसादांच्या खोलीचं दार पाच, जिन्याचा पायथा सहा. आठवडाभरात सातवी जागा आली नाही. स्वयंपाकघराची फरशी सगळ्यात मोठी, पण तिथे कधीच नाही. न्हाणीघराकडे तर तो ढुंकूनही बघत नसे.

वहीतला एक रकाना मात्र कच्चा होता. रुची पावणेसातला मिलसाठी निघायची, म्हणून सकाळची नोंद तिने ओमेशवर सोपवली होती. तिथे त्याच्या अक्षरात रोज एकच ओळ होती: "मी उठलो तेव्हा होतं." ओमेश आठला उठायचा.

"वेळ लिहायची असते," रुची म्हणाली.

"मी उठाच्या आधीची वेळ मी कशी लिहू?" ओमेशने विचारलं, आणि त्या प्रश्नातली प्रामाणिक मूर्खता पाहून तिने वही मिटली.

सातव्या दिवशी, शुक्रवारी, लाइन दुरुस्तीसाठी वीज बंद होती आणि मिलला सुट्टी. रुची सकाळी जिन्यावर वही घेऊन बसली. सात वाजता शामकलांनी घर पुसलं. साडेसातला दुर्गाप्रसाद अंघोळ करून उघड्या अंगाने आले, हातात कोल्ड्रिंकची जुनी बाटली. फुलचूरच्या कडेला राहणारा बकाराम एक दिवसाआड आपल्या गाईचं ताजं गोमूत्र त्या बाटलीत भरून पहाटे फाटकाला पिशवीत अडकवून जायचा. दुर्गाप्रसादांनी आधी बूचभर स्वतः घेतलं. मग आंब्याच्या पानाने उंबऱ्यावर शिंपडलं. मग देवघराच्या दाराशी. मग सोफ्याच्या कोपऱ्यात, टेबलापाशी, आपल्या दाराशी, आणि शेवटी रुचीच्या पायांजवळ, जिन्याच्या पायथ्याशी.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

ते गेल्यावर आठला दहा मिनिटं कमी असताना ढेपू उठला, आळस दिला, आणि उंबऱ्यापासून सुरुवात करून त्याच क्रमाने हुंगत, पाय वर करत निघाला. प्रत्येक ठिकाणी चमचाभर.

रुचीला हसू आलं आणि पाठोपाठ स्वतःचा राग आला. दुसऱ्या जनावराच्या मुताचा वास आला की नर कुत्रा त्यावर आपला वास ठेवतो, हे तिने दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत सात मार्कांना लिहिलं होतं. सासरे सकाळी काहीतरी शिंपडतात हे तिला माहीत होतं. पण तो त्यांचा देवधर्म, म्हणून तिने तिकडे कधी पाहिलंच नव्हतं. कुत्रा घरात आला म्हणून शुद्धी सुरू झाली होती. शुद्धी झाली म्हणून कुत्रा मुतत होता. मुतला म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त शुद्धी. एका मुताने दुसरं मूत धुवायचं आणि कुत्र्याला अडाणी म्हणायचं, असा हा कारखाना दोन आठवडे जोरात चालला होता.

दुपारी दुकानातून जेवायला आलेल्या दुर्गाप्रसादांना तिने सरळ सांगितलं. "मामाजी, आठ दिवस शिंपडणं थांबवून पाहा. तो त्या वासावरच करतो."

दुर्गाप्रसादांचा घास हातातच राहिला. "म्हणजे कुत्रा ठेवाचा अन् गोमूत्र बंद कराचं?"

"फक्त आठ दिवस."

"अवं, कुत्रा घरात फिरून राहिला म्हणून तर शिंपडतो! ओमेश, आयकलं का बे? आता गोमाता दोषी, अन् हा लेकाचा निर्दोष!"

ओमेशने वरण मागितलं.

"तुले समजलं होतं ना मी काय म्हणाली ते?" जेवणानंतर तिने त्याला खोलीत गाठलं.

"समजलं. पण बाबाले कोण सांगन?"

"मी सांगितलं की."

"हो, मंग आता मी काय सांगू?" तो म्हणाला आणि दुकानाची किल्ली शोधू लागला.

दुर्गाप्रसादांचं नाक कोरोनात गेलं होतं ते परत आलंच नव्हतं. जळलेल्या दुधाचाही वास त्यांना येत नसे. रुचीने या एका वस्तुस्थितीवर पुढचा आठवडा उभा केला.

त्याच दुपारी तिने सहाही जागा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा घासल्या, मग धुण्याच्या पावडरीचा लगदा लावून तासभर ठेवला आणि कोरड्या केल्या. शामकला दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"दिवाळी हाय काय आज?" त्यांनी विचारलं.

"वास राहतो ना, आई."

"राहते खरा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या पहाटेपासून बकारामची बाटली रुचीच्या हाती आधी लागू लागली. आतला ऐवज ती नालीत ओतायची, बाटली गरम पाण्याने विसळायची आणि त्यात फिका चहा भरायची. रंग जुळवायला तिने मिलमधून काचेची परीक्षानळी आणली होती. चहापत्ती पाव चमचा, हळदीचं टोक. शनिवारी सकाळी दुर्गाप्रसादांनी बूचभर चहा प्राशन केला, आंब्याच्या पानाने सहा ठिकाणी चहा शिंपडला आणि समाधानाने कपडे घालायला गेले. ढेपूने उंबरा हुंगला, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि जाऊन झोपला.

दुसरी कुणी असती तर तिथे थांबली असती. रुचीला ते जमेना. कदाचित सोड्याने फरक पडला असेल, कदाचित गुळाच्या खड्याने. म्हणून तिने खऱ्या गोमूत्राची एक छोटी कुपी बाजूला काढून ठेवली आणि सोमवार, मंगळवार, बुधवार निघताना फक्त जिन्याच्या पायथ्याशी, फडकं पोहोचत नाही अशा फटीत चार थेंब टाकले. ओमेशला तिने गजर लावून साडेसातला उठवलं. तीन दिवस त्याने डोळे चोळत लिहिलं: "फक्त सहा नंबर." पाच ठिकाणी शून्य, सहाव्या ठिकाणी तीनपैकी तीन. गुरुवारी तिने थेंब बंद केले आणि जिना धुतला. शुक्रवारी सगळीकडे शून्य.

शनिवारी तिने अर्धा दिवस रजा घेतली. साडेआठला दुकानाची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली; मागे पाइप लादलेले आणि पाइपांच्या बाजूला एक रिकामं पोतं अंथरलेलं. ते पोतं कुणासाठी होतं ते विचारायची गरज नव्हती. ढेपू पोत्याकडे बघून शेपटी हलवत होता. केशोराव निरोप समारंभाला आल्यासारखे आपल्या फाटकातून इकडे आले.

दुर्गाप्रसाद पायरीवर उभे राहिले. "काय वं," त्यांनी आत हाक मारली, "आज किती ठिकाणी?"

रुचीच्या हातातली साखळी घट्ट झाली. तिच्या वहीला या घरात किंमत नव्हती. मुताबद्दल साक्ष एकाच माणसाची चालणार होती, ती रोज पुसणाऱ्याची. शामकला फडकं हातात घेऊन दारात आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, मग सुनेकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"एकाबी ठिकाणी नाही," त्या म्हणाल्या. "दोन दिवस झाले, घर कोरडं हाय."

"खरं?"

"माझ्या कंबरेले विचारा."

दुर्गाप्रसादांचा चेहरा हळूहळू उजळला. रुचीला वाटलं, आता ते म्हणतील, शिकवलंस बरं का पोरी. ते केशोरावांकडे वळले.

"पाहिलं का जी? मी म्हणत होतो! तीन आठवडे नेमानं शिंपडलं. शेवटी जनावर असलं तरी त्याच्यातबी फरक पडते. कुत्र्याची बुद्धी शुद्ध झाली! अन् माझंबी पोट या आठवड्यात एकदम साफ. बकारामची गाय आता रंगात आली, हलकं लागते अगदी."

"काय सांगता!" केशोराव म्हणाले.

"तुम्हीबी सुरू करा. त्या बाटल्या फेका."

"बकारामले माझ्यासाठीबी सांगा मंग एक बाटली. गेटाशी रोज शिंपडतो."

गाडी पोत्यासकट निघून गेली. ढेपू राहिला. रुचीला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण एवढा स्वच्छ निकाल आणि त्याखाली असा उलटा निष्कर्ष! केशोरावांच्या फाटकावर सोमवारपासून काय होणार हेही तिला दिसत होतं. सगळ्या गल्लीची कुत्री तिथे सही करायला येतील.

"मामाजी, खरं म्हणजे—" तिने सुरुवात केली.

"रुची," आतून आवाज आला. "इकडे ये वं आधी."

स्वयंपाकघरात शामकला ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"कोणती पत्ती टाकतेस?"

रुचीने फळीवरच्या चहाच्या डब्याकडे पाहिलं.

"माझ्या बापाच्या घरी अकरा गाई होत्या. यायचं, तुझ्या मामाजीचं, नाक गेलं, माझं नाही गेलं. पाच ठिकाणी चहा, अन् जिन्यापाशी खरं. मले पहिले वाटलं, हे काय नवीन खूळ. मंग समजलं, बाई परीक्षा घेऊन राहिली."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"त्याच्याबी आधीपासून. हे शिंपडतेत, तो मुतते, मी पुसते. किती दिवस समजणार नाही? मी काय आंधळी हाव?"

रुचीच्या डोळ्यांपुढे आपली वही आली. नकाशा, आकडे, रकाने, आणि आठ वाजता उठणाऱ्या माणसावर सोपवलेला सकाळचा रकाना. "मग सांगितलं काऊन नाही, आई?"

"विचारलं कोणं? कुत्र्याच्या डॉक्टरले विचारलं, ओमेशले विचारलं, केशोरावाचं आयकून घेतलं. पुसणारीले विचाराचं असते हे तुमच्या कॉलेजात नसन शिकवत." त्यांनी फडकं पिळलं. "अन् खरं सांगू? मले कुत्रा नकोच होता. जाऊन राहिला तर जाऊ दे म्हटलं."

"मग आज कोरडं आहे म्हणून का सांगितलंत?"

"कोरडंच होतं. खोटं कायले बोलू?" शामकलांनी फडकं दांडीवर टाकलं. "अन् कुत्रा गेला असता म्हणून यायचं शिंपडणं थोडंच बंद होणार होतं? उलट, इतके दिवस कुत्रा होता म्हणून शुद्धीले अजून दोन लिटर. चहा बरा. चहाचा वास येत नाही, डाग पडत नाही. चालू ठेव. पण आता तिथी जाऊन खरं बोलाची हौस करू नको, नाही तर गाडी काही लांब नाही गेली."

रुचीने बाहेर पाहिलं. दुर्गाप्रसाद केशोरावांना आंब्याचं पान कसं धरायचं ते दाखवत होते.

"नाही बोलत," ती म्हणाली. तो शब्द काढताना तिला आपल्या रजिस्टरमध्ये खाडाखोड केल्यासारखं वाटलं.

"अन् एक. पुसणं मी आजपासून सोडलं. उद्यापासून ओमेश पुसन."

"ते पुसतील?"

"तुले पाहाले गेला तेव्हा 'कुत्राबी येऊ द्या' कोणं म्हटलं होतं? मले विचारून म्हटलं होतं काय? नाही पुसलं त्यानं तर मी तुझ्या मामाजीले सांगते, हलकं काऊन लागते ते."

रविवारी सात वाजता ओमेश फडकं आणि बादली घेऊन उंबऱ्याशी उकिडवा बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आपल्या घराची फरशी इतक्या जवळून पाहिली, आणि ती केवढी मोठी आहे हे पाहून तो गांगरला. समोरून केशोरावांनी विचारलं, "काय ओमेश, हे काय करून राहिला?"

"कसरत," ओमेश म्हणाला.

मागून दुर्गाप्रसाद बाटली घेऊन आले. पोराला फरशीवर बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग त्यांनी शामकलांकडे पाहिलं. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन चहा पीत होत्या, आणि तिथे काही विचारण्यासारखं त्यांना दिसलं नाही. त्यांनी पान बुडवलं, ओमेशने नुकत्याच कोरड्या केलेल्या उंबऱ्यावर शिंपडलं आणि देवघराकडे गेले.

ओमेशने ओल्या उंबऱ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"परत पुस," रुची म्हणाली आणि ढेपूला घेऊन खांबाकडे निघाली.